माझा मंगळवारचा दाता

सहा महिन्यांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडला आणि तो दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक काम संपल्यावरही माझ्या टेबलाशी रेंगाळला. काय करता, म्हणून विचारलं. मी सांगितलं, तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटतात आणि रक्त अडखळतं. मी त्यांना पॉलिमरचा झिरझिरीत थर देते, म्हणजे त्या सुट्या राहतात, रक्त सुरळीत वाहतं.

"म्हणजे जवळ येणाऱ्यांना लांब ठेवायचं काम," तो म्हणाला. आणि प्रयोगासाठी चमचाभर ताजं रक्त द्यायलाही माणसं मिळत नाहीत हे कळल्यावर त्यानं स्वतःहून बाही वर केली.

तेव्हापासून दर मंगळवारी दहाला तो यायचा. मी सुई टोचायची, तो बघत बसायचा... सुईकडे नाही. माझा सोमवार कसा जायचा ते माझं मलाच ठाऊक.

या मंगळवारी तो आला, पण थेट पलीकडच्या टेबलावर. तिथे माझी सहकारी मैना बसते. नाव मीच पाडलंय, बोलते तशीच गोड. तिच्या खुर्चीत बाही वर करून तो चक्क हसत होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या भरात पॉलिमर दुप्पट पडलं, सकाळचा प्रयोग वाया. रक्ताचं सोडा, दुसरं कुणाचंही चाललं असतं. खोटं कशाला बोलू, मला तोच हवा होता, आणि तो हातचा चालला होता.

जिन्यात त्याला गाठलं. "माझ्या सुईला काटे होते का?"

"सुईला नाही, फॉर्मला." त्यानं मान खाली घातली. "दर वेळी लिहायचं, संशोधकाशी कसलंही नातं नाही. खरंच आहे ते... पण हल्ली लिहायला जिवावर येतं."

पण मी कसली सोडते! "आणि तिच्याशी ते हसणं?"

"तिला तुमच्याबद्दल विचारत होतो, कुठे जमलंय का. ती म्हणाली, त्या टेबलावरून आत्ता आपल्याकडे कशी बघतेय ते बघा, म्हणजे कळेल."

मी हसले, डोळे भरून आले, आणि म्हटलं, "अहो-जाहो पुरे आता."

वर येऊन माझ्या यादीतून त्याचं नाव खोडलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं — घरचा माणूस. मग मैनाकडे गेले आणि तिच्याही यादीतून खोडायला लावलं. माझ्या माणसाचं रक्त तिला कशाला हवंय?