ओटीतला ट्रॅकसूट

"मॅडम, पाय मुरगळला का?"

अमरावतीच्या मैदानावर मी फेंगडत चालत येऊन पायरीवर ओठ आवळून बसले होते. समोर एक उंच मुलगा उभा, खांद्यावर कपड्यांची भलीमोठी बॅग.

"नाही," मी म्हणाले.

"मंग तशा काहून चालून राहिल्या होत्या?"

आता याला काय सांगणार? की सुती सलवार घामाने भिजली, मांड्यांना घासली आणि आतून सगळं सोलून निघालंय? मी त्याच्याकडे असं पाहिलं की शहाणा माणूस आपली वाट धरतो. हा शहाणा नव्हता. त्याने सलवारीकडे एकदा पाहिलं, घाईने नजर वळवली, आणि कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "सुती आहे ना... सुती कापड घाम पेते, सोडत नाही. जड होते, कातडी सोलते. तुमचा दोष नाही."

"विकायचं हाये म्हणून सांगून राहिले का?"

"हाव. पण खोटं नाही सांगून राहिलो."

मी हसले. हसायला नको होतं.

तो सौमित्र. अकोल्याचा. वडील वकील, आई शिक्षिका आणि चिरंजीवांनी थाटलं खेळाच्या कपड्यांचं दुकान! रविवारी बॅग घेऊन अमरावतीला यायचा, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आमच्यासारख्यांना कपडे विकायला. मी चांदूर रेल्वेजवळची, रागिणी. घरची फुलशेती. पहाटे शेवंती तोडायची, मग गाडीने अमरावती, मग धावणं. भरतीची ही माझी शेवटची संधी होती. पुढच्या वेळी वय बसणार नव्हतं.

कपडा निवडताना तो बोलायचा नाही. अंगठा आणि बोटाच्या मधे कापड धरून हळूच चोळायचा, उलटं करून शिवण पाहायचा. एक निळी ट्रॅकपँट त्याने अशीच चोळून माझ्या हातात दिली.

"घालून या. अन् उठाबशा काढा."

"इथी? लोकायसमोर?"

"आरशात पाहून कपडा समजत नाही. कंबर लय घट्ट असली तर श्वास घेताना पोट फुगत नाही, दम लवकर लागते. ढगळ असली तर पायात येते. अन्..."

"अन् काय?"

"बाकीचं... बाईमाणसाले विचारा." आणि बॅगेची चेन उगाचच उघडत-लावत राहिला.

त्या पँटमध्ये मी धावले आणि अंगावर काही आहे हेच विसरले. घाम यायचा, वाऱ्याने वाळून जायचा. मांड्यांवर खपली धरली, मग तीही गेली. रविवार कधी येतो असं मात्र होऊ लागलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. भुरभुर पाऊस असला तरी तो मैदानाच्या वळणावर उभा असायचा.

"काय पाहून राहिला?"

"कापड."

"कापड तं बॅगेत हाये."

"तुया अंगावर... जास्त चांगलं दिसते."

एका रविवारी त्याने लग्नाचं विचारलं. मी म्हणाले, "पयले अंगावर वर्दी, मंग हळद."

तो हसला. जरासा उशिरा हसला, हे मला आता आठवतं.

दोन्ही घरं राजी झाली. साखरपुड्याला त्याच्या आईने ओटी भरली. साडी, खण, नारळ... आणि वर एक मरून रंगाचा ट्रॅकसूट. मुद्दाम शिवून घेतलेला, सुती, ढगळ, कुर्ता गुडघ्यापर्यंत.

"ओटीतलं पहिलं कापड शुभ असतं," त्या म्हणाल्या. "भरतीला हेच घाल हो. अंगही झाकलेलं राहील."

सगळ्या बायांनी मान डोलावली. मी सौमित्रकडे पाहिलं. त्याने कापड उचललं, अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चोळलं. मग घडी घालून माझ्या ओटीत ठेवलं.

"चांगला हाये," तो म्हणाला. "घालजो."

त्याचा हात फिरला म्हणजे झालं, असं मला वाटलं. इतकी वेडी होते मी त्याच्यापायी.

भरतीच्या दिवशी पहाटेपासून रांगेत बसवलं. ऊन चढलं, सूट भिजला, अंगाला चिकटला. धावायला सोडलं तेव्हा कुर्ता पायात येत होता. दुसऱ्या फेरीत नाडी सैल झाली. ओली पँट खाली घसरायला लागली आणि शेवटचं वळण मी एका हाताने पँट धरून धावले. बघणारे हसले. ज्यांना मी एरवी मागे टाकायचे, त्या पोरी पुढे निघून गेल्या. यादीत माझं नाव आलं नाही.

निकालानंतर सौमित्र चांदूरला आला. मी शेवंती तोडत होते.

"तुले माहीत होतं," मी म्हणाले.

तो बांधावर उभा राहिला.

"कुठी पोस्टिंग झाली असती, काय माहीत... आई म्हणे, सून घरी पायजे. मले वाटलं, एकदा भरती राहून गेली की विषय संपते. तू माई राहशील."

"सरळ सांगतलं असतं त मी भांडली असती. कदाचित थांबलीही असती, तुयासाठी. पण तू बोलला नाही. कापड हातात धरून तू खोटं बोलला, सौमित्र."

"मी प्रेम करतो तुयावर."

ते खरं होतं. माझंही होतं, अजून आहे, आणि त्याचाच मला राग येतो.

मी फुलांच्या टोपलीत अंगठी काढून ठेवली आणि टोपली त्याच्यासमोर धरली. त्याने बरीच फुलं उकरली, तेव्हा ती सापडली. मग शेतातल्या खोपीजवळच्या दोरीवरचा मरून सूट काढून त्याच्या हातावर ठेवला. सवयच ती... त्याचा अंगठा कापडावर फिरला आणि मधेच थांबला.

"धुतला कधी?" तो हळूच म्हणाला. "ओलाच हाये अजून."

"हाव," मी म्हणाले. "सुती आहे ना."