निळ्या सुरईतील पाणी

घनसावंगीहून निळी सुरई मी आणली, मीच ती घासली आणि बैठकीतील काचेच्या कपाटात मीच ती रिकामी ठेवली. पुढे जे घडले त्यात माझा वाटा एवढा आहे आणि तो मी कोणावरही ढकलत नाही. उरलेल्याचा अर्थ मला अद्याप लागलेला नाही. ‘प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा,’ असे चौतीस वर्षे मी मुलांना बजावत आले. येथे मला प्रश्नच नीट वाचता येत नाही.

बदनापूरच्या स्थानकामागे माझे दोन खोल्यांचे घर आहे. यजमान गेल्यापासून मी तेथे एकटी राहते. गेल्या हिवाळ्यात दुधाचे पातेले गॅसवर ठेवून मी शेजारी गेले आणि विसरले. पातेले जळाले, पडद्याचा काठ जळाला. माझी मुलगी तृप्ती पुण्याहून तातडीने आली आणि तिने अट घातली : असा विसर पुन्हा एकदा जरी पडला, तरी हे घर विकायचे आणि मी पुण्याला तिच्याकडे जायचे. मी अट मान्य केली. पुन्हा विसर पडणार नाही, याविषयी मला शंका नव्हती.

माझे डोके ठिकाणावर आहे हे दाखवण्याचा मला सुचलेला उपाय म्हणजे घर सजवणे. सुताराकडून पाठीला आरसा लावलेले कपाट करून घेतले. जालन्याच्या जुन्या बाजारातून हिरव्या काचेचे सहा पेले, गुलाबी काचेची पसरट थाळी आणि मानेवर वेलबुट्टी कोरलेली अत्तरदाणी आणली. खिडकीत काचेची एक जुनी हंडी टांगली. दुपारी तीनच्या सुमारास ऊन आत आले की फरशीवर हिरवे, गुलाबी कवडसे पडत. मी खुर्ची ओढून ते पाहत बसे.

“बाई, प्यायला एक पेला, न् बघायला सहा!” गोजरबाई म्हणे. गोजरबाई गेली अठरा वर्षे माझ्याकडे कामाला आहे. “ह्याच्यात चहा तरी पिऊ द्या एकदा.”

“फुटतील.”

“मंग माणसानं काय तुमच्या कपाटाला नमस्कार करून जायचं का?”

घनसावंगीची सुरई तिनेच दाखवली. तिचा मावसभाऊ तातेराव जुने घर पाडून नवे बांधणार होता आणि त्याच्याकडे काचेचे सामान निघाले होते. अक्षय तृतीयेला चार दिवस असताना आम्ही बसने जालन्याला आणि तेथून जीपने घनसावंगीला गेलो. अंगणात पत्र्याखाली पेट्या मांडलेल्या होत्या. सुरई एकटी, वेगळ्या फडक्यात गुंडाळलेली होती. गर्द निळी, लांब मानेची. तिच्या काचेत अडकलेले बारीक बुडबुडे उजेडात चमकत होते. मी ती उचलताच तातेराव पुढे आला.

“ती ऱ्हाऊ द्या बाई.” मग त्याने पाडलेल्या भिंतींकडे पाहिले. “न्हाईतर... घेऊन जा. आता कोण भरून राह्यलं तिला?”

त्याच्या बोलण्याचा अर्थ मी विचारायला हवा होता. मी विचारला नाही. निघताना गोजरबाई म्हणाली, “बाई, रिकामी नका नेऊ. घोटभर पाणी घाला.”

“जीपमध्ये सांडेल,” मी म्हणाले, आणि सुरई कोरडीच मांडीवर घेऊन आले.

आमच्या भागात अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावाने करा-केळी भरतात. मातीची दोन लहान भांडी असतात. त्यांत पाणी घालून पूजा करायची, म्हणजे उन्हाळ्यात आपली माणसे तहानलेली राहत नाहीत, अशी समजूत आहे. यजमानांच्या नावाने मी दरवर्षी भरते, त्याप्रमाणे भरली. जेवण झाल्यावर बैठकीत येऊन बसले. ऊन आत आले होते. हिरवे आणि गुलाबी कवडसे फरशीवर स्थिर होते. निळा मात्र हलत होता.

विहिरीच्या पाण्यावरून परतणारा उजेड कडेच्या दगडांवर जसा हलतो, तसा तो हलत होता. गाडी गेली असेल आणि कपाट हादरले असेल, असे मला वाटले. परंतु त्या वेळी गाडी नव्हती आणि शेजारचे पेले निश्चल होते. मी उठून सुरईत बोट घातले. आत कोरडे होते, किंचित धूळही होती. मग माझी नजर कपाटाच्या पाठीवरील आरशाकडे गेली.

आरशातील सुरई गळ्यापर्यंत भरलेली होती.

मी चष्मा पुसला. पडदा ओढून पाहिले, बाजूला उभी राहून पाहिले. शेवटी सुरई उपडी करून कपाटातच वर्तमानपत्रावर ठेवली. कागदावर थेंबही पडला नाही. आरशातही सुरई उपडी झाली; परंतु तिच्यातील पाणी खाली आले नव्हते. ते वर, बुडाशी, तसेच टेकून राहिले होते.

त्या दिवसापासून माझा माठ रिकामा होऊ लागला. सकाळी मी तो स्वतः काठोकाठ भरी. दुपारी झाकण काढले की तळाशी ओल तेवढी असे. माठाखालची फरशी कोरडी असे. माठाला तडा नव्हता. एवढे पाणी मी प्यायले असेन, तर मला आठवत कसे नाही? आणि प्यायले असेन, तर घसा असा सुकलेला का? दुसऱ्या दिवसापासून मी माठ भरल्याची वेळ खडूने भिंतीवर लिहू लागले. अक्षर माझेच होते. तरीही दुपारी ते वाचताना, हे मी खरोखर लिहिले की लिहायचे ठरवले होते, असा संभ्रम पडे.

शनिवारी तृप्ती आली. आल्या आल्या तिने माठाचे झाकण उचलले.

“आई, माठ कोरडा आहे.”

“सकाळी सात वाजता भरला आहे. भिंतीवर पाहा.”

तिने भिंत पाहिली. खडूच्या ओळींवरून तिची नजर माझ्याकडे वळली, तेव्हा मला कळले की हा पुरावा माझ्या बाजूचा नव्हता. मी तिला कपाटापाशी नेले.

“आरशात पाहा. सुरईत काय दिसते?”

“सुरई दिसते.”

“भरलेली?”

“आई...” ती हळूच म्हणाली. “रिकामी आहे ती. दोन्हीकडे.”

मला तर पाणी स्पष्ट दिसत होते. तृप्तीने माझा हात धरला. त्या हातात राग नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

“उद्याचा दिवस दे मला,” मी म्हणाले. “तातेरावाला बोलावते. त्यानंतर तू म्हणशील तसे.”

रविवारी दुपारी तातेराव आला. तृप्ती स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. तातेराव, गोजरबाई आणि मी बाहेर ओट्यावर बसलो. उन्हाने ओटा तापला होता. गोजरबाईने माझ्याखाली पोते घातले आणि ती मला लागून बसली. मी सर्व क्रमाने सांगितले. तातेराव टोपी हातात फिरवत सांगू लागला.

“माझ्या बापाची पहिली बायको व्हती, बाई. तापानं गेली, भर उन्हाळ्यात. तापकऱ्याला पाणी देऊ न्हाई म्हणायचे तवा. पाणी... पाणी... करत गेली. सुरई तिच्या माहेराहून आल्ती. मातीच्या भांड्यात तिच्या नावानं भरलं, तर घरातलं समदं पाणी आटायचं. म्हणून आम्ही दर साली सुरईच भरायचो. औंदा घर पाडायच्या गडबडीत...”

“मग ही परत घेऊन जा.”

“उंबऱ्याबाहेर गेलेलं असलं भांडं परत आत घेत न्हाईत. आता तुमच्या घरातच भरावं लागतंय.”

“भरते. त्यात काय कठीण आहे?”

“नाव लागतंय बाई. आमच्या घरात ‘मोठी’ म्हणून भागायचं. परक्या घरात नाव घेऊनच भरावं लागतंय. न् मला तिचं नाव याद न्हाई. बापानं एकदाच सांगितल्तं, ल्हानपणी.” त्याने आवाज खाली आणला. “आन् ज्याच्या तोंडून नाव निघतं ना, त्यालाच मंग जलमभर भरावं लागतंय. तो जाईल तिथं सुरई जाती.”

“आन् न्हाई भरली तर?” गोजरबाईने विचारले.

“मंग सुरई एकटी जात न्हाई त्याच्यासंगं...”

आत कपबशा वाजल्या आणि तृप्ती चहा घेऊन दारात आली.

“दैवशालाच्या नावाने भरायची आहे ना?” ती सहज म्हणाली. “मग भरून टाका आणि आईला जरा शांत झोपू द्या.”

तातेरावाच्या हातून टोपी पडली.

“दैवशाला,” तो म्हणाला. “हां... हेच. बराबर हेच. ताई, तुमाला कसं ठाऊक?”

“आईनेच सांगितलं.” तृप्ती माझ्याकडे वळली. “मघाशी आत आलीस तेव्हा, नाही का? माझ्या पाठीमागे उभी राहिलीस. तहान लागली म्हणालीस. मी न वळताच पेला मागे दिला. एकामागून एक किती पेले प्यायलीस, आणि मग नाव सांगितलंस. आवाज बसलाय तुझा, आई. काढा घे.”

मी आत गेले नव्हते. निदान मला तसे आठवत होते. परंतु माझ्या आठवणीचीच तर परीक्षा चालू होती, आणि परीक्षक दारात चहा घेऊन उभी होती.

तातेराव माझ्याकडे पाहत नव्हता. तो तृप्तीकडे पाहत होता.

“नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं?” त्याने विचारले.

तृप्ती हसली. “का? मला भरायला लावता की काय?”

मी उत्तर द्यायला उशीर केला असता, तर तो तिलाच हो म्हणाला असता. खोटे बोलणाऱ्या मुलाला मी वर्गाबाहेर उभे करीत असे. त्या क्षणी मी सरळ बसले आणि म्हणाले, “माझ्या तोंडून. मी आत जाऊन तृप्तीला सांगितले. ते मी विसरले होते.”

“विसरलीस?” तृप्तीने विचारले. तिने चहाचा ट्रे ओट्यावर ठेवला. “पाच मिनिटांपूर्वीचं?”

“हो. विसरले.”

तिच्या चेहऱ्यावर मला माझे घर विकले गेलेले दिसले.

मी सुरई आणली, दैवशालाचे नाव घेतले आणि पाणी भरले. कपाटात ठेवली तेव्हा आतील आणि आरशातील सुरई मला प्रथमच सारखी दिसली. निळा कवडसा स्थिर झाला. संध्याकाळपर्यंत माठ भरलेलाच राहिला.

त्याच दिवशी ठरले ते असे : दिवाळीपूर्वी घर विकायचे. मी पुण्याला जायचे. पेले, थाळी, अत्तरदाणी आणि हंडी गोजरबाईने न्यायची. सुरई माझ्याबरोबर राहील आणि दरवर्षी मी ती भरीन. तृप्ती कबूल झाली आणि डोळे पुसत मला बिलगली. नाव माझ्याच तोंडून निघाले, हे तातेरावाने दोनदा विचारून घेतले आणि तोही कबूल झाला. मी मान डोलावली. सर्वांत शेवटी गोजरबाईने होकार दिला, फार हळू, आणि माझ्याकडे न पाहता. तृप्ती चहा घेऊन येईपर्यंत ती ओट्यावर मला लागून बसली होती, आणि तोवर मी तेथून एकदाही उठले नव्हते.