अर्धा शब्द पुढे

ही हकीकत आमच्या घरात कुणी रंगवून सांगत नाही. रंगवायला लागलं की थोरली माणसं उठून जातात. म्हणून जशी ऐकली तशीच लिहितो. पदरचं काही घातलेलं नाही.

शके सतराशे आठ. श्रावण महिना. पुणं, नारायण पेठ, नदीकडे उतरणारी एक अरुंद गल्ली.

आणि वेळ...

रात्रीची नव्हे. भर दुपारची.

ज्याच्यावर हे गुदरलं तो अनंत खांबेटे. आमच्या पणजोबांचा पणजोबा. तेव्हा वय बावीस. कोकणातल्या केळशीहून घाट चढून, पायी पुण्याला आलेला.

पेशवाईत दर श्रावणात पुण्याला गावोगावचे विद्यार्थी जमायचे. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचं मोठं आवार होतं. तिथे शास्त्रीमंडळींपुढे परीक्षा द्यायची. उतरलात तर यादीत नाव, दक्षिणा आणि जन्माचा मान. नाही उतरलात तर आल्या वाटेने परत.

अनंत दोनदा आल्या वाटेने परत गेला होता.

दोन्ही वेळा एकाच शब्दावर अडकून.

त्याची परीक्षा घनाची. घन म्हणजे वेदातले शब्द पुढून, मागून, दोन-दोन, तीन-तीन गुंफत म्हणायचे. एक शब्द हुकला की सगळी साखळी तुटली. मदत नाही, पोथी नाही, दुसरी संधी नाही.

आणि यंदा तर मागे घर टांगणीला लागलेलं. केळशीची पाठशाळा अनंतचे वडील चालवत. त्यांचा आवाज बसत चालला होता. गावकऱ्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "अनंताचं नाव लागलं तर पाठशाळा त्याची. नाही लागलं तर आम्ही आंजर्ल्याचा माणूस आणू."

नारायण पेठेत आनंदीबाई नावाच्या एक विधवा बाई परीक्षेच्या विद्यार्थ्यांना जागा देत, जेवू घालत. त्यांच्या घराच्या माडीवर दोन खोल्या. मध्ये फळ्यांची भिंत. एका खोलीत अनंत आणि वाईकडचा एक विद्यार्थी, दीनानाथ. दुसऱ्या खोलीला बाहेरून कुलूप.

परीक्षेला चार दिवस होते.

दुपारी दीनानाथ धोतर धुवायला नदीवर गेला. अनंत एकटाच म्हणत बसला. डोळे मिटलेले, उजवा हात स्वरांबरोबर वर-खाली.

मध्येच त्याला वाटलं...

कुणीतरी बरोबर म्हणतंय.

अगदी हळू. फळ्यांच्या पलीकडून.

अनंत थांबला.

आवाजही थांबला.

"दीनानाथ, चेष्टा पुरे," अनंत म्हणाला.

तेवढ्यात जिना वाजला. ओलं धोतर खांद्यावर टाकून दीनानाथ वर येत होता.

अनंत तसाच खाली गेला. आनंदीबाई भाजी चिरत होत्या.

"काकू, शेजारच्या खोलीत कोण उतरलंय?"

"गोवऱ्या."

"माणूस कोणी?"

"पावसाळ्याच्या गोवऱ्या भरल्यात, अनंता. आढ्यापर्यंत. त्या घन म्हणत नाहीत. म्हणायला लागल्या तर त्यांनाच रमण्यात पाठवीन, तुझ्याआधी उतरतील."

अनंत हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण आता तो आवाज बरोबर नव्हता.

अर्धा शब्द पुढे होता.

अनंतची जीभ शब्दाला लागण्याआधी तो शब्द पलीकडून यायचा. स्पष्ट. स्वरासकट. अनंत त्याच्या मागे चालत राहिला, अंधारात कुणाचं उपरणं धरून चालावं तसा. ज्या शब्दावर तो दोनदा पडला होता, तो शब्द कधी आला आणि कधी गेला, त्याला कळलंच नाही.

त्याने डोळे उघडले तेव्हा दीनानाथ दारात उभा होता. चेहरा उतरलेला.

"कुठे लपवलायस त्याला?"

"कोणाला?"

"मागून सांगणाऱ्याला! जिन्यात मला दोन आवाज ऐकू आले. मी उंबऱ्यात आलो आणि एक बंद झाला." दीनानाथ उंबऱ्याच्या आत येईना. "अनंता, रमण्यात तू धरला गेलास तर एका खोलीतला म्हणून मलाही बाहेर काढतील. सांगून ठेवतो."

"मी लपवलाय? मला तर वाटत होतं की हे तुझंच काम. मला सवय लावायची आणि ऐन वेळी गप्प बसवायचं!"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

मग दोघांनी एकदमच कुलपाकडे पाहिलं.

आनंदीबाईंनी किल्ली आणली. बडबडत आणली, पण आणली. दार उघडलं.

गोवऱ्या.

खालपासून आढ्यापर्यंत, फळ्यांना टेकून रचलेल्या. मांजर शिरेल एवढीसुद्धा फट नाही.

"झालं समाधान?" बाई म्हणाल्या.

दीनानाथचं झालं नव्हतं. त्याने फळ्यांलगतच्या तीन रांगा उपसून बाहेर काढल्या. मागे फळ्यांवर वर्षानुवर्षांची धूळ आणि जाळी होती.

फक्त एका जागी नव्हती.

बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल त्या उंचीवर, हातभर फळी पुसल्यासारखी स्वच्छ होती. तुळतुळीत. रोज कुणी टेकून बसत असावं तशी.

पण तिथे बसायला जागाच नव्हती...

ओचा सावरून आनंदीबाई आधी खाली गेल्या. मग खालूनच म्हणाल्या, "परीक्षा होईपर्यंत ओंकारेश्वरापाशी बसून म्हणा. घरात नको."

तिसऱ्या दिवशी अनंत देवळाच्या घाटावर बसला. नदी भरून चालली होती. तिथे दुसरा आवाज आला नाही.

आणि अनंतला काहीच आठवेना.

ज्या ओळी तो दहाव्या वर्षापासून म्हणत होता, त्याही तुटू लागल्या. प्रत्येक शब्दाआधी तो थांबायचा. कान द्यायचा. वाट बघायचा.

चौथ्या दिवशी तो घाटावर गेलाच नाही. दीनानाथ खाली जेवत असताना तो गुपचूप माडीवर आला. फळ्यांकडे तोंड करून बसला आणि म्हणायला लागला.

आवाज लगेच आला.

अर्धा शब्द पुढे.

सगळं बिनचूक झालं. शेवटचा स्वर संपल्यावर अनंतने हात जोडले. पुढे जे त्याने केलं, त्याचा पश्चात्ताप तो मरेपर्यंत करत होता. तो म्हणाला, "उद्या माझी परीक्षा आहे. आपण याल का?"



खाली आनंदीबाईंच्या पळीचा आवाज. गल्लीतून कुणाचं तरी घोडं गेलं.

मग फळ्यांना तोंड लावून बोलावं तसं, अगदी जवळून...

"येतो."

अनंत जिन्याकडे वळला. मधल्या पायरीवर दीनानाथ बसला होता. उष्टा हात तसाच. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मला तो का नाही सांगत, अनंता?" एवढंच तो म्हणाला. त्याची स्मरणशक्ती बेताचीच होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमण्याच्या दाराशी हजारोंची गर्दी. दाराचा शिपाई एकेकाला मोजून आत सोडत होता. दीनानाथ आधीच आत गेला होता. मागून अनंत शिरला.

"दोन," शिपाई म्हणाला.

"मी एकटाच आहे," अनंत म्हणाला.

शिपाई त्याच्या खांद्यामागे बघत राहिला. "आन् तुमच्या मागचं म्हाराज कुटं गेलं?"

अनंतने मागे पाहिलं नाही.

आत चौथऱ्यावर तीन परीक्षक शास्त्री. समोर अनंत बसला. मागे आपली पाळी येण्याची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यांची रांग. अनंतच्या पाठीशी पहिलाच दीनानाथ.

थोरल्या शास्त्र्यांनी एक शब्द दिला. "इथून म्हण."

अनंतने म्हणायला सुरुवात केली.

आवाज आलाच. फळ्यांपलीकडून नव्हे. डाव्या कानाशी.

साखळी पुढे चालली. तो शब्द आला, गेला. थोरल्या शास्त्र्यांची मान डोलायला लागली. मग ती हळूहळू थांबली. त्यांनी कान टवकारले.

"पुरे," ते म्हणाले.

अनंत थांबला.

घन चालूच राहिला...

मिटल्या ओठांच्या अनंतकडे तिघेही बघत होते आणि त्याच्या पाठीमागून आवाज शांतपणे पुढचे शब्द म्हणत होता. दोन. तीन. चार. मग थांबला.

"धरा त्याला!" थोरले शास्त्री कडाडले. "मागून सांगतो काय?"

दोन शिपायांनी दीनानाथचे दंड धरले. तो ओरडत होता, "मी नाही! शपथ घेतो, मी तोंड उघडलं नाही!" कुणी ऐकेना. मागून सांगणाऱ्याला जन्मभर रमण्याची पायरी बंद.

अनंतला सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलला तर दीनानाथ सुटेल. पण पाठशाळा जाईल. वडिलांचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

तो गप्प राहिला.

आमच्या घरात सांगतात, तीन श्वास.

मग तो म्हणाला, "तो नव्हे. मी बोलावलंय."

"कोणाला?"

अनंतने डाव्या कानाकडे बोट दाखवलं.

शास्त्री न्यायी होते. त्यांनी सांगितलं, "या मुलाला भिंतीबाहेर उभं करा. सोबत शिपाई राहू दे. आणि तू, त्याच शब्दापासून पुन्हा म्हण. एकट्याने."

दीनानाथला बाहेर नेलं. अनंतने सुरुवात केली.

डाव्या कानाशी आता काहीच नव्हतं. वारासुद्धा नव्हता.

तो आपल्या बळावर बराच पुढे गेला. मग तो शब्द आला. दोन वर्षं ज्याने त्याला पाडलं होतं तो.

अनंत थांबला.

सगळा रमणा थांबल्यासारखा वाटला. परीक्षकांनी वाट पाहिली. मग थोरल्या शास्त्र्यांनी लेखणी खाली ठेवली.

तेवढ्यात बाहेरचा शिपाई दीनानाथला घेऊन आत आला. शिपायाच्या कपाळावर घाम होता.

"शास्त्रीबुवा, ह्यो तोंड मिटून हुबा व्हता. माझी आन. पर ह्येच्या कानापाशी कुनीतरी मंत्र म्हनत व्हतं. म्यां सोता ऐकलं."

अनंतने दीनानाथकडे पाहिलं.

त्याला वाटलं होतं, तो घाबरलेला असेल, नाहीतर चिडलेला.

दीनानाथ मान किंचित डावीकडे कलती करून उभा होता.

तो लक्ष देऊन ऐकत होता.

दीनानाथवरचा आळ गेला. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा झाली. अनंत लांब उभा राहून बघत होता. ज्याला दोन ओळी धड येत नसत, तो दीनानाथ सूर्य डोक्यावर येईपर्यंत म्हणत राहिला. एक स्वर चुकला नाही. शास्त्र्यांनी उठून त्याच्या अंगावर शालजोडी घातली. लोकांना एकच आवाज ऐकू आला.

अनंतला दोन आले.

निघायच्या दिवशी आनंदीबाईंनी दोघांना जेवायला वाढलं. दोन पानं मांडली. दीनानाथ म्हणाला, "काकू, अजून एक."

एरवी बाई म्हणाल्या असत्या, 'कोण, गोवऱ्या जेवणार का?' त्या दिवशी त्या उठून पान घेऊन आल्या. दीनानाथच्या डावीकडे तिसरं पान मांडलं. भात वाढला.

"दीनानाथ," अनंत हळूच म्हणाला, "त्याला जा म्हणून सांग. अजून वेळ आहे."

दीनानाथने त्याच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला त्याला क्षणभर लागला. कुणीतरी आधी सांगावं आणि मग आपण म्हणावं, तसा.

"मी सुखात आहे," तो म्हणाला.

आपलं बोचकं उचलून तो वाईच्या वाटेने गेला.

आनंदीबाई पानं काढायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. तिसऱ्या पानावरचा भात होता तसा होता. पण पानाभोवती पाण्याचं मंडळ काढलेलं होतं. आणि उजव्या हाताला, जेवणाआधी देवाच्या नावाने ठेवतात त्या भाताच्या चित्राहुती... नीट, ओळीने ठेवलेल्या होत्या.

त्यानंतर आनंदीबाईंनी माडीवर विद्यार्थी ठेवले नाहीत. केळशीची पाठशाळा आंजर्ल्याच्या माणसाला गेली. अनंत देवळाची पूजा आणि थोडी बागायत बघून राहिला. घन त्याने पुन्हा म्हटला नाही. त्या तीन श्वासांचा विषय मात्र म्हातारपणी फार काढायचा. तेवढ्यात ते माझ्याकडून उठून त्याच्याकडे गेलं का, असं विचारायचा.

चार-पाच वर्षांनी वाईकडचा एक माणूस केळशीला आला होता. अनंतने त्याला दीनानाथबद्दल विचारलं.

तो माणूस गोंधळला. "तो पुण्याहून परतलाच कुठे? घरचे अजून वाट बघतात. नाव लागल्याची बातमी तेवढी पोचली होती."

"कोणी पोचवली?"

"एक ब्राह्मण भर दुपारी दारात आला. सगळं सांगितलं. पाणीसुद्धा न पिता गेला."

"दिसायला कसा होता?"

चेहरा घरातल्या कुणालाच सांगता आला नव्हता, तो माणूस म्हणाला. आई, वडील, भाऊ, सगळे समोर उभे असून.

आवाज मात्र प्रत्येकाला आठवत होता.

आमचे आजोबा इथवर येऊन थांबायचे. पुढे काय, असं विचारलं की प्यायला पाणी मागायचे. आणि पाणी आणायला गेलेलं माणूस परत येईपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी जवळ बसवून ठेवायचे.