चारशे सतराचा पत्ता

खोटं वाटलं तर वाटू द्या, मी शपथ घेणार नाही. कूबर पीडी या आमच्या ओपलखाणींच्या गावात शपथ घेणाऱ्याकडून कुणी ओपलचा खडासुद्धा विकत घेत नाही.

जानेवारीतली दुपार होती. वर सेहेचाळीस अंश, आणि मी जमिनीखाली, खडकात कोरलेल्या माझ्या घरात, खाणमंडळाच्या वेबसाइटचं काम करत बसलेलो. आमच्याकडे दिवा मालवला की भर दुपारीही स्वतःचा हात दिसत नाही.

काम साधं. मैदानातल्या प्रत्येक जुन्या खाणविहिरीला साइटवर एक पत्ता. कुणी पत्ता टाकला की साइट चालवणारं फ्रेमवर्क नियमांची यादी वरून खाली वाचतं, कुठल्या पत्त्याला कुठलं पान दाखवायचं ते. पहिला जुळला तो उत्तर देतो, कुठलाच जुळला नाही तर ‘सापडलं नाही’. विहिरींचे फोटो स्थिर फायली म्हणून वेगळ्या फोल्डरात. मंडळाचा अध्यक्ष कोस्तास म्हणाला होता, चारशे सतरा नंबरची विहीर काढून टाक. सोमवारी मैदान सपाट करणारं मशीन येणार होतं आणि ते याच यादीवर चालणार होतं. यादीत नाही ती विहीर बुजणार.

चारशे सतरा मीच घातली होती, देसांका मावशीच्या शब्दावर. एकतीस वर्षांपूर्वी तिचा नवरा व्लादो तिथं उतरला, तो वर आलाच नाही. मंडळ म्हणे, तिथं विहीरच नव्हती, व्लादो बाई घेऊन ॲडलेडला पळाला.

मावशी शेजारीच बसली होती, कॉफीचं भांडं मांडीवर धरून.

“काढतोस?”

“मावशी, साइट मंडळाची आहे.”

“मग माझ्यासमोर काढ. पाठीमागं लोक एकतीस वर्षं काढतायत.”

मान खाली घालून मी नियम पुसला. फोटो पुसला. स्थिर फायली नव्यानं गोळा केल्या, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि खात्रीसाठी तो पत्ता टाकला.

पान उघडलं.

वायुनळीत घुमणारा वारा थांबला. आठ महिने पाऊस नव्हता, तरी खोलीत ओल्या मातीचा वास आला... मी घातलेला फोटो वरून काढलेला होता, विहिरीचं काळं तोंड. हा खालून काढलेला होता. चहूबाजूंनी काळ्या भिंती, आणि मधोमध नाण्याएवढं निळं आभाळ. सर्व्हरच्या नोंदीत लिहिलं होतं, फाइल दिली. फोल्डर उघडलं, तर तिथं चारशे सतराची फाइलच नव्हती.

मी कोस्तासला बोलावलं. तो घाम पुसत उतरला.

“अरे मिलान, ब्राउझर जुनंच दाखवतो कधी कधी. मलाही कळतं तेवढं.”

“तुमच्या फोनवर बघा की.”

त्यानं पत्ता टाकला. तेच आभाळाचं वर्तुळ. पण आता त्याच्या काठावरून एक डोकं वाकून आत बघत होतं, खांदे कोस्तासासारखे रुंद, चेहरा अंधारात. कोस्तासनं फोन पालथा केला.

“खोटं आहे हे... त्याच्याकडं कॅमेरा नव्हता खाली.”

मावशीनं शांतपणे कपात कॉफी ओतली.

“कुणाकडं, कोस्तास?”

मी नियम पुन्हा लिहिला, या खेपेस सगळ्यांच्या डोक्यावर, पहिल्या ओळीत.

“काढ तो,” कोस्तास पुटपुटला. “मी अध्यक्ष आहे.”

“असाल. यादी वरून वाचतात, आणि वर आता व्लादो आहे. हिंमत असेल तर मावशीसमोर स्वतः पुसा.”

तो पुसू शकला नाही. सोमवारी मशीनच्या जागी, मी बोलावलेले पोलीस दोर घेऊन आले. मावशीनं वर काढलेल्या नवऱ्याला आमच्या खडकातल्या चर्चमध्ये आणलं, स्वतःच्या हातानं मेणबत्ती लावली. त्याच्यापाशी कुदळ होती, घड्याळ होतं. कॅमेरा नव्हता.

विहिरीवर लोखंडी झाकण मीच ठोकलं. नवं मंडळ दर महिन्याला लिहितं, ते पान आता काढा, लोक घाबरतात. मी कळवतो, घाबरू द्या. नियम पहिल्या ओळीवरून हलणार नाही.

व्लादो वर आला. झाकण बंद आहे. फोल्डर आजही रिकामं. पण पान उघडलं की फोटोत त्या-त्या दिवसाचं आभाळ दिसतं, ढगासकट, खालून बघितलेलं.

आणि ते वर्तुळ दर आठवड्याला थोडं मोठं होतंय, बघणारा वर चढत आल्यासारखं.