टोपणावरचं हसू

दाराबाहेरचा लाल दिवा मला दिसलाच नाही. मी खुशाल दार उघडलं आणि सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीतून कुणीतरी कळवळून ओरडलं, "अहो, उजेड!"

त्याचं सकाळभराचं काम मी नासवलं होतं. तरी हसला मेला!

जीन कापायचा नाही, त्याला धक्काही लावायचा नाही. शेजारी त्याला चालू-बंद करणारा जो भाग असतो, तिथे एक गाइड, म्हणजे नेमकी जागा शोधणारा आरएनएचा छोटा तुकडा, नेऊन बसवायचा, की जीन गप्प. हे त्याचं काम. गाइड बनवायचे मी. त्याला दोन ट्यूब दिल्या. एकीत खरा गाइड, दुसरीत कुठेच न बसणारा, नुसता तुलनेसाठी. खऱ्याच्या टोपणावर ओळखीसाठी हसरा चेहरा काढला. मी समजावत होते, तो माझ्याकडेच बघत होता...

रोज चहाला बोलवायचा. मग एकाएकी बंद. आता आत तो आणि शेजारच्या लॅबमधली चष्मेवाली! तिचं खिदळणं बाहेर ऐकू यायचं. पेशींमध्ये एवढं हसण्यासारखं काय असतं? माझा नुसता जळफळाट. तो मला आवडत होता, आणि मी बाहेर उभी होते.

शेवटी पेटलेला लाल दिवा नीट बघितला, आणि तरीही दार उघडलं.

"उजेड!" दोघं एकदम ओरडली.

"येऊ, की अडचण होईल?"

"बरं झालं आलीस," चष्मेवाली उठली. "याचा जीन बंदच होईना. तुला विचारायची लाज, म्हणून मला बसवलंय. आत्ता कळलं, हा सगळीकडे साध्या टोपणाचीच ट्यूब वापरतोय!" हसत हसत ती गेली.

पडद्यावर पेशी हिरव्यागार चमकत होत्या. ही चमक देणारा जीनच तर विझायला हवा होता.

"आणि दुसरी ट्यूब?"

"फ्रीजरमध्ये..." तो पुटपुटला. "मला वाटलं, दोन्हीत एकच आहे. आणि ती तू माझ्यासाठी खास... वापरली तर संपली असती."

"अरे, खरा गाइड त्यातच होता! ती खूण होती."

"म्हणजे ते हसू... माझ्यासाठी नव्हतं?"

त्याचा चेहरा एवढासा झाला. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी मार्कर काढला आणि त्याच्या हातमोज्यावर हसरा चेहरा काढला.

"हे तुझ्यासाठी. ट्यूब मात्र वापर."

"पण हातमोजा तर जाताना टाकावा लागतो—" त्याने तो काढला आणि उघडा तळहात माझ्यापुढे धरला. "इथे काढ ना."

"काढते," मी म्हटलं. "पण चष्मेवालीला दाखवायचं नाही."