डावी खाच

चिकलठाण्याच्या एम्ब्रॉयडरी कारखान्यात बिरूनं शाळांचे हजारो कापडी बिल्ले कापले होते. पण अंतराळवीर बाहीवर लावतात तसला, रॉकेटचा बिल्ला हाती आला आणि गडी हरखून गेला. त्याच्या लेकीच्या कॉलेजातल्या रॉकेट बनवणाऱ्या टीमचा होता तो.

"आबा, चार तारे म्हंजी आम्ही चौघं," मेघानं समजावलं होतं. "काळी बाजू म्हंजी न पाहिलेलं आभाळ. लाल रेघ म्हंजी आग."

बिरूचं घराणं मेंढपाळांचं. घरच्या कोकराच्या उजव्या कानाला खाच पाडायची, देवाला कापायच्या कोकराच्या डाव्या. कापण्याआधी डोक्यावर पाणी शिंपडायचं. ते अंग झाडून थरथरलं की देवानं पत्करलं, मग सुरा. लहानपणी त्या रक्ताच्या चिळकांडीनं बिरूचा सदरा भिजला होता.

मेघाच्या बिल्ल्याला त्यानं मायेनं उजव्या कडेला बारीक खाच दिली. बिल्ला कापताना उलटा धरतात, एवढं रोजचं काम तो आनंदात विसरला. सुलटा केला, तर खाच डावीकडं.

त्यानं कात्रीनं बिल्ल्याच्या चिंधड्या केल्या. दुसरा काढला, कडेवरून दोनदा बोट फिरवलं. अखंड होता. मेघानं तो स्वतःच्या हातानं बाहीवर शिवला.

उड्डाणाच्या सकाळी तिच्या बाहीवर डावीकडं खाच होती.

"हे कुणी कापलं?"

"कुणी नाय, आबा. तुम्ही दिला तसाच हाय."

बिरूनं ब्लेडनं टाके उसवायला घेतले. ब्लेड सटकून तळव्यात हाडापर्यंत गेलं, तरी थांबला नाही. रक्ताळलेला बिल्ला त्यानं चुलीत घातला. लेक रडत, मोकळ्या बाहीनं गेली.

हर्सूलच्या पुढच्या माळावर रॉकेट जमिनीवरच फुटलं. पत्रा भिरभिरत आला. चौघांत फक्त मेघा पडली.

"जिवावरचं कानावर निभावलं," डॉक्टर म्हणाले.

डाव्या कानाचा त्रिकोणी तुकडा गेला होता. कड स्वच्छ होती, कात्रीनं घेतल्यासारखी.

बिरूची आई सुगंधाबाई दवाखान्यात आली. तिनं कान पाहिला आणि दाराशीच बसली.

"बिरू, पोरीच्या डोक्यावर पाणी पडू देऊ नगं."

तेवढ्यात केसांतलं वाळलेलं रक्त पुसायला नर्सनं ओला बोळा पिळला.

"थांबा!" बिरू ओरडला.

चार थेंब पडले होते.

मेघानं डोळे उघडले, बापाकडं पाहिलं, आणि मान झाडून नखशिखांत थरथरली.