पालक न खाणारी गोगलगाय

"हटते का पोलिसाले बोलावू?" चंपतरावांनी दरडावलं.

"बोलवा," काजल म्हणाली आणि टाकीला पाठ लावून घट्ट उभी राहिली.

लकडगंजच्या मैदानावर उन्हाळ्याच्या सुट्टीत लागलेल्या 'समुद्राची दुनिया' प्रदर्शनाचे चंपतराव मालक. काजलची आई वच्छला तिथे टाक्या साफ करायची. बिनशंखाच्या सहा रंगीत समुद्री गोगलगायींपैकी तीन नाहीशा झाल्या, तेव्हा चंपतरावांनी आज सकाळी भोंग्यावरून सगळ्या मैदानाला ऐकवलं, की वच्छला चोर आहे आणि तिचं काम बंद! म्हणूनच काजल टाकीपासून हलायला तयार नव्हती.

"माझ्याशिवाय झाकण तीच उघडते. मग गेल्या कुठं?" चंपतराव म्हणाले.

"तेच दाखवतो," काजलचा मित्र अपूर्व म्हणाला. त्याची बहीण मधुवंती रोज येऊन टाकीचं चित्र काढायची. तिने वही उघडली.

"ही पांढरी, नारिंगी ठिपक्यांची पाहा, काका. ज्या ज्या दिवशी एक कमी झाली, त्या त्या दिवशी ही फुगलेली आहे."

"काहीतरीच. गोगलगाय पाला खाते," चंपतरावांनी खडूने 'शाकाहारी' लिहिलेल्या पाटीवर बोट आपटलं. आठ दिवस ते टाकीत ताजा पालक सोडत होते आणि तो तसाच सडत होता, पण एवढ्या मोठ्या माणसाच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

"आमच्या मोरीत गोगलगाय फिरली का चिकट रेघ राहते," काजल बाजूला होत म्हणाली. "ही पांढरी त्या निळीच्या रेघेवरूनच चालून राहिली. पाहा ना."

लोक जमले. निळी गोगलगाय उजवीकडे वळली, पांढरीही वळली. निळी दगडावर चढली, पांढरीही मागोमाग चढली. वीस मिनिटं कोणी जागचं हललं नाही. मग पांढरीने तोंड पसरलं आणि बघता बघता निळीला गिळून टाकलं.

चंपतरावांचा चेहरा उतरला. "हुशार आहा रे पोरांनो. उद्यापासून तुम्हाले तिकीट माफ."

"मले तिकीट नको," काजल म्हणाली. "चोर भोंग्यावर म्हणलं, माफी बी भोंग्यावरच मागा."

चंपतरावांनी गर्दीकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी माईक उचलला.

"वच्छलाताईनं चोरी केली नाही. चूक माझी आहे. त्यायनं कामावर यावं."

फाटकाबाहेर उभी असलेली वच्छला आत आली. तिने तिन्ही मुलांच्या पाठीवरून हात फिरवला.

"शाबास वं माय," ती काजलला म्हणाली. मग ओला फडका उचलून तिने सगळ्यांत आधी पाटीवरचं 'शाकाहारी' पुसून टाकलं.